तुमच्या मुलीचा फॉर्म भरला का, टीचर?

जानेवारी २०२१ चा शेवटचा आठवडा होता. पुणे शहरात नववी ते बारावीचे वर्ग ४ जानेवारीला सुरू झाले होते आणि पाचवी ते आठवीचे १ फेब्रुवारीपासून भरणार होते. मी ज्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, तिथली बरीच मुलं बुधवार पेठेतून आणि आसपासच्या गल्ल्यांतून येतात. पालकांचं लेखी संमतीपत्र असल्याशिवाय मुलाला वर्गात घ्यायचं नाही, असा सरकारचा नियम होता. माझ्या वर्गाचे निम्म्याहून जास्त फॉर्म आलेच नव्हते. फोन केले तर ‘देखते हैं टीचर’ एवढंच उत्तर मिळायचं. शेवटी एका दुपारी मास्क लावून, पर्समध्ये सॅनिटायझरची बाटली टाकून मी घरोघर निघाले.

तापकीर गल्लीच्या मागे एका जुन्या वाड्यात, लाकडी जिन्याने वर गेल्यावर, माझ्या एका विद्यार्थ्याची अम्मी दारातच उभी राहिली. फॉर्म तिच्या हातात होता. तिने तो नीट वाचला होता.

“इधर लिखा है, हम अपनी मर्जी से भेज रहे. मतलब कुछ हुआ तो हम जिम्मेदार. फिर स्कूल किस बात की जिम्मेदार, टीचर?”

मी पाठ केलेलं सगळं सांगितलं. एका बाकावर एकच मूल, दारात ताप तपासणार, शिक्षकांच्या आरटीपीसीआर चाचण्या झाल्यात, डबा वाटून खायचा नाही. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, “तुम्हारी बेटी का फॉर्म भरे क्या?”

माझी मुलगी तेव्हा सातवीत होती, दुसऱ्या शाळेत. तिचा फॉर्म चार दिवसांपासून माझ्या पर्समध्ये घडी घालून पडला होता. त्यावर ना माझी सही होती, ना तिच्या अब्बूंची. खोटं बोलणं सोपं होतं. पण त्या बाईच्या डोळ्यांकडे बघून ते जमलं नाही. “अभी नहीं भरे,” मी म्हणाले.

ती हसली. त्या हसण्यात टोमणा नव्हता. तिने आतून एक स्टूल आणून उंबरठ्याजवळ ठेवलं. “फिर बैठो.”

त्या स्टुलावर बसून मी जे ऐकलं, आणि त्यानंतर जे वाचलं, त्याबद्दल हे लिहिते आहे. साथीच्या काळात मुलांना शाळेत पाठवायला घाबरणाऱ्या आईबापांवर त्या वर्षी पुष्कळ लिहून-बोलून झालं. कुणी त्यांना अडाणी म्हणालं, कुणी बेपर्वा. आपल्या वस्तीतल्या लोकांबद्दल तर ‘यांना तालीमची कदरच नाही’ हा शेरा नेहमीच तयार असतो. पण बुधवार पेठेचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास बघितला तर ही भीती काही नवी नाही. ती कशी वाढते आणि कशाने कमी होते, हेही या पेठेने आधी पाहिलेलं आहे.

भीती एक नव्हती

त्या दुपारी आणि पुढच्या चार-पाच दिवसांत मी पंचवीसेक घरं फिरले. दहा बाय बाराच्या एका खोलीत सात माणसं. पोराला काही होणार नाही, असं सगळ्यांनाच वाटत होतं. लहान मुलांना हा आजार सहसा हलकाच जातो, हे त्यांनी ऐकलं होतं. भीती होती ती कोपऱ्यातल्या खाटेवरच्या दादीची. तिला साखर, तिला दमा. “बच्चा लेके आया तो इनको कहाँ रखूँ? दुसरा कमरा है क्या?” या प्रश्नाला कुठल्याही परिपत्रकात उत्तर नव्हतं.

दुसरी भीती रोजीची होती. विजेच्या सामानाच्या दुकानात काम करणारा एक बाप म्हणाला, घरात एक पॉझिटिव्ह निघाला की सगळं घर चौदा दिवस बंद. चौदा दिवसांचा पगार कोण देणार? २०२० च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या मधल्या पेठा पत्रे लावून बंद केल्या होत्या, ते दिवस तो विसरला नव्हता.

तिसरी भीती सांगताना लोक आवाज खाली आणत. मार्च-एप्रिल २०२० मध्ये दिल्लीच्या मरकजच्या बातम्यांनंतर टीव्हीवर जे काही चाललं, त्याचे शिंतोडे आमच्या गल्लीपर्यंत आले होते. भाजीवाल्याला नाव विचारलं जायचं. एका आईने विचारलं, “हमारे बच्चे को खाँसी आई तो बाकी बच्चे क्या बोलेंगे?” तिचा मुलगा अकरा वर्षांचा होता.

आणि चौथ्या घरात भीती अगदी उलटी होती. बुधवार पेठेचं नाव काढलं की काही लोकांच्या चेहऱ्यावर एक ठरावीक हसू येतं. त्यांना या पेठेची एकच गल्ली माहीत असते. त्या गल्लीतल्या एका आईने माझ्या हातात सही केलेला फॉर्म सगळ्यात आधी ठेवला. तिला शाळा उद्या नको, आजच सुरू व्हायला हवी होती. दहा महिने तिची मुलगी दिवसभर घरात होती, आणि त्या घरात मुलीने दिवसभर असू नये, एवढंच तिचं म्हणणं होतं. “बीमारी का डर बाद में,” ती म्हणाली.

म्हणजे ‘पालकांची भीती’ असं एक नाव देऊन चालत नाही. प्रत्येक घराची भीती वेगळी होती आणि प्रत्येकीला कारण होतं. फॉर्मवर मात्र दोनच चौकटी होत्या: संमती आहे, संमती नाही.

ताऊन आणि बंद दारं

पहिल्या घरातली दादी इतका वेळ गप्प होती. मध्येच म्हणाली, “हमारे बड़े बोलते थे, चूहा गिरा तो घर खाली करो.” ती ताऊनबद्दल, म्हणजे प्लेगबद्दल बोलत होती. तिने तो पाहिला नव्हता. तिच्या आजीने पाहिला होता. सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट घरात अजून जिवंत होती.

मुंबईच्या मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं आणि काही महिन्यांत साथ पुण्यात आली. मराठी वर्तमानपत्रं तिला ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणत. लोक ‘गाठीचा ताप’ म्हणत. काखेत नाहीतर जांघेत गाठ, सणसणून ताप आणि बहुतेकदा काही दिवसांत मृत्यू. घरात मेलेला उंदीर दिसला की माणसं भांडीकुंडी घेऊन गावाबाहेर रानात झोपड्या बांधून राहायला जात. १८९७ च्या सुरुवातीला पुण्याची जवळजवळ निम्मी वस्ती शहर सोडून गेली होती. अशा शहरात शाळा कुठून भरणार?

४ फेब्रुवारी १८९७ ला ब्रिटिश सरकारने साथरोग कायदा केला. (२०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात लागू केला तो हाच कायदा.) पुण्यासाठी वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमली गेली. १३ मार्चपासून सैनिकांच्या तुकड्या घरात शिरू लागल्या. सुमारे ९०० अधिकारी आणि शिपाई या कामावर होते. आजारी माणूस सापडला की इस्पितळात आणि त्याच्या घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत नेत. मागे घरातलं सामान जाळलं जाई, भिंतींना चुना फासला जाई. देवघरात आणि माजघरात बूट घालून शिरणं, बायकांना उघड्यावर तपासणं, अशा तक्रारींनी शहर पेटलं. पुढे २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे आपण शाळेत शिकतो.

शाळेत जे शिकवत नाहीत ते असं की या सगळ्याच्या मुळाशी आईबापांची एक साधी भीती होती: नेलेलं माणूस परत येत नाही. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन तेव्हा पुण्यात होतं. कितीतरी मुलींच्या त्या पालक होत्या. पुण्याच्या प्लेग इस्पितळात बायकांचे आणि आपल्या आश्रमातल्या एका मुलीचे काय हाल झाले, याची जाहीर तक्रार त्यांनी १८९७ मध्येच ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रातून केली. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या, इंग्रजांशी संबंध असलेल्या. त्यांना ‘अडाणी’ किंवा ‘राजद्रोही’ म्हणणं कुणालाच सोपं नव्हतं. तरी त्यांची भीती त्या वाड्यातल्या अम्मीपेक्षा वेगळी नव्हती.

आपल्या लोकांचीही गोष्ट आहे. ९ मार्च १८९८ ला मुंबईत जुलाहा विणकरांच्या मोहल्ल्यात प्लेगचं पथक एका आजारी मुलीला न्यायला आलं. घरच्यांनी नकार दिला, मोहल्ला जमा झाला आणि त्यातून दंगल उसळली. त्या काळच्या सरकारी भाषेत हा मुसलमान विणकरांचा हट्ट आणि अज्ञान ठरलं. पण ऑक्टोबर १८९६ मध्ये आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेलेले गिरणी कामगार आणि १८९७ मध्ये वाड्याची दारं लावून बसलेले पुणेकर यांनीही वेगळं काय केलं होतं? मूल कुठे नेणार, त्याच्याजवळ कोण बसणार, परत कधी आणणार, हे न सांगता कुणी ते मागितलं तर कुठल्याही जातीधर्माची आई दार लावूनच घेते.

दोन माणसं ज्यांच्यावर विश्वास बसला

त्याच वर्षी, त्याच आजारात, लोकांनी दारं उघडलीही. कुणासाठी, ते बघण्यासारखं आहे.

रशियातून आलेले वाल्डेमार हाफकिन मुंबईत प्लेगची लस तयार करत होते. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. तरी लोक घाबरतच होते. तेव्हा खोजा इस्माईली जमातीचे इमाम, तिसरे आगाखान, पुढे आले. त्यांचं वय विशीच्या आतलं होतं. त्यांनी जमातीसमोर स्वतः लस टोचून घेतली, एकदा नाही तर अनेकदा, आणि हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी आपली जागा दिली. त्यानंतर खोजांमध्ये लस घेणाऱ्यांची रांग लागली. ‘तुम्ही घ्या’ असं सांगणारे बरेच होते. ‘मी घेतली, बघा’ म्हणणाऱ्याचं लोकांनी ऐकलं.

दुसरी व्यक्ती पुण्याची, आणि तिचं बुधवार पेठेशी असलेलं नातं सगळ्यांना माहीत आहे. सावित्रीबाई फुले तेव्हा साठी ओलांडलेल्या होत्या. त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत याने हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महार वस्तीतला पांडुरंग बाबाजी गायकवाड यांचा मुलगा प्लेगने आजारी आहे हे कळल्यावर सावित्रीबाई स्वतः गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांना संसर्ग झाला. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. रँडच्या सैनिकांची झडती सुरू व्हायला तीन दिवस होते.

मी ही गोष्ट पुष्कळदा शिकवली आहे. पण २०२१ मध्ये ती पुन्हा वाचताना माझं लक्ष वेगळीकडे गेलं. मुंढव्याच्या त्या घराने आपलं पोर तिच्या पाठीवर कसं काय दिलं? पुढच्याच आठवड्यात पुण्यात लोक आजारी माणसांना माळ्यावर आणि धान्याच्या पोत्यांमागे लपवणार होते. मला वाटतं, या बाईला ते घर ओळखत होतं. ती पन्नास वर्षं अशाच वस्त्यांमध्ये, अशाच दारांत जात आली होती.

ज्या मुन्शीने एक मूल परत शाळेत पाठवलं

त्या दारात जाण्याची सुरुवात बघायची तर आणखी मागे जावं लागतं, आणि तिथे आपल्याला एक उर्दूचा मास्तर भेटतो.

जोतीराव फुले लहान असताना काही वर्षं शाळेत गेले आणि मग त्यांच्या वडिलांनी, गोविंदरावांनी, त्यांचं नाव काढून टाकलं. ओळखीच्या लोकांनी कान भरले होते की शिकून मुलगा बिघडेल, शेतीच्या कामाचा राहणार नाही. गोविंदराव काही वाईट बाप नव्हते. आई वारलेलं पोर, फुलांचा धंदा, लोकांची बोलणी. त्यांना जे सुरक्षित वाटलं ते त्यांनी केलं. मुलगा दिवसा मळ्यात काम करायचा आणि रात्री दिव्यापाशी वाचत बसायचा.

हे दोन शेजाऱ्यांनी पाहिलं. एक होते गफ्फार बेग मुन्शी, उर्दू-फारसीचे शिक्षक. दुसरे लिजिट नावाचे ख्रिस्ती गृहस्थ. दोघे गोविंदरावांकडे गेले, त्यांच्याशी बोलले, समजूत घातली. १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत गेले, या वेळी स्कॉटिश मिशनच्या. पुढे काय झालं ते महाराष्ट्राला माहीत आहे. १८४८ मध्ये बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा भरली.

गफ्फार बेग मुन्शींचं नाव फुल्यांच्या चरित्रात एक-दोन ओळींत येऊन जातं. आपल्या समाजातही त्यांची आठवण फारशी निघत नाही. मला मात्र ही गोष्ट फार जवळची वाटते, कारण मीही उर्दूच शिकवते. त्यांनी शाळा काढली नाही, भाषण दिलं नाही. शाळेतून काढलेल्या एका मुलाच्या बापाकडे ते गेले, बसले आणि बोलले.

आणि भिडे वाड्यातली शाळाही पहिल्याच दमात टिकली, असं नाही. काही महिन्यांत ती बंद पडली. मुलींना शाळेत पाठवलं तर कुळाला बट्टा लागेल, नवरा मरेल, अशा भीती तेव्हा घराघरांत होत्या आणि फुले दांपत्याला स्वतःचंच घर सोडावं लागलं होतं. पण ३ जुलै १८५१ ला याच बुधवार पेठेत, चिपळूणकरांच्या वाड्यात, मुलींची शाळा पुन्हा भरली. त्याच सप्टेंबरात रास्ता पेठेत दुसरी, पुढच्या मार्चमध्ये वेताळ पेठेत तिसरी. १० ऑक्टोबर १८५६ ला नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात सावित्रीबाईंनी पुण्यातल्या कामाचा भार उचलणाऱ्या फातिमाची आठवण काढली आहे. त्या स्वतः तेव्हा आजारी होत्या, माहेरी होत्या. मागे काम चालू होतं ते फातिमासारख्यांच्या जोरावर.

बंद पडलेली शाळा याच पेठेत परत भरली होती, हे मला त्या जानेवारीत आठवत राहिलं. कुणी हुकूम काढून ती भरली नव्हती. दारं ठोठावून भरली होती.

आम्ही काय केलं, काय केलं नाही

पहिल्या अम्मीच्या घरून निघताना मी तिला एकच गोष्ट सांगितली: उद्या शाळेत या, वर्ग बघा, मग ठरवा. शाळेत हे सांगितल्यावर आधी नाकं मुरडली गेली. गर्दी होईल, नियमात बसत नाही. शेवटी पाच-पाच आयांना वेळ देऊन बोलवायचं ठरलं.

त्या आल्या. बाकांवर बसून बघितलं. खिडक्या उघडतात का बघितल्या; दोन उघडत नव्हत्या, त्या त्याच दिवशी सुताराला बोलावून उघडून घेतल्या. नळाला पाणी आहे का, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आहे का, हे त्यांनी तपासलं. त्यातल्या काही गोष्टींबद्दल त्या गेली पाच वर्षं बोलत होत्या. साथीमुळे पहिल्यांदा कुणी ऐकलं. दादी असलेल्या घरांतल्या मुलांना आठवड्यातून दोनच दिवस बोलवायचं आणि बाकीचे दिवस मी वह्या घरी नेऊन देणार, असं आपसात ठरवलं. खोकला आला म्हणून कुणी कुणाला नाव ठेवायचं नाही, हा धडा मी पहिल्याच तासाला घेतला. २००९ चा ऑगस्ट मला आठवत होता. पुण्यात स्वाइन फ्लूने चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी गेली होती, देशातला तो पहिला मृत्यू. नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या, शाळा बंद झाल्या आणि उघडल्या तेव्हा तोंडाला रुमाल बांधलेली मुलं एकमेकांपासून सरकून बसत होती. तेव्हा मी नवी होते, मला काही सुचलं नव्हतं.

आणि मी त्या रात्री माझ्या मुलीच्या फॉर्मवर सही केली. दुसऱ्या दिवशी त्या अम्मीला फोटो पाठवला. तिचा फॉर्म संध्याकाळी आला.

इथवर सांगून थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण माझ्या वर्गातल्या सगळ्या घरांत मी गेले नाही. आठवीतली एक मुलगी होती. हुशार, अक्षर मोत्यासारखं, मराठी निबंधात नेहमी पहिली. तिचे अब्बू रिक्षा चालवत. तिचा फॉर्म आला नाही. फोन लागला नाही. घर थोडं लांब होतं आणि मी थकले होते. खरं सांगायचं तर मी घाबरलेही होते; त्या गल्लीत दोन रुग्ण निघाल्याचं ऐकलं होतं. हजेरी सक्तीची नव्हती. मी तिच्या नावापुढे ‘संमती नाही’ लिहिलं आणि यादी दिली.

फेब्रुवारी संपायच्या आत शाळा पुन्हा बंद झाल्या. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि कोरोना आमच्या घरात शिरला. शाळेतून आला नाही. शाळा बंदच होत्या. माझ्या सासूबाई त्यात गेल्या. ज्यांच्यासाठी मी मुलीचा फॉर्म चार दिवस दाबून ठेवला होता, त्या घरात बसूनही वाचल्या नाहीत. यावरून मी कुणाला काही पटवून देणार नाही. कुठल्या घरात काय होईल, ते कुणाच्याच हातात नव्हतं.

४ ऑक्टोबर २०२१ ला शहरात आठवी ते बारावीचे वर्ग सुरू झाले. ती मुलगी आता नववीत असायला हवी होती. या वेळी मी पहिल्याच आठवड्यात तिच्या घरी गेले. खोलीत दुसरे भाडेकरू होते. शेजारणीने सांगितलं, पावसाळ्याच्या आधी ती माणसं गावी गेली. मुलीचं लग्न झालं. वय विचारायची मला हिंमत झाली नाही. मला ते माहीत होतं.

गोविंदरावांच्या दारात मुन्शी वेळेवर गेले. मी आठ महिने उशिरा गेले. ‘संमती नाही’ हे मी लिहिलं होतं, तिच्या आईबापांनी नाही. त्यांनी तर काहीच लिहिलं नव्हतं. त्यांना कुणी विचारायला गेलंच नव्हतं.

पुढच्या वेळी

डिसेंबर २०२३ मध्ये भिडे वाडा पाडला. बरीच वर्षं कोर्टात अडकलेला खटला त्याच नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला आणि सावित्रीबाईंच्या स्मारकासाठी जागा मोकळी झाली. मी अप्पा बळवंत चौकातून मुलांसाठी पुस्तकं घेऊन शिवाजी रस्त्याने येताना तिथे थांबते. समोर दगडूशेठ गणपतीला येणाऱ्यांची गर्दी असते. स्मारक चांगलं व्हावं. त्यात कुठेतरी गफ्फार बेग मुन्शींचं नावही असावं, ही माझी इच्छा आहे.

पण स्मारक होईल तेव्हा होईल. साथ पुन्हा येईल. कधी ते आपल्याला ठाऊक नाही. माझं म्हणणं आपल्या शिक्षकांना, मशिदीच्या कमिट्यांना आणि मोहल्ल्यातल्या जाणत्या बायकांना आहे. शाळा उघडायच्या आठवड्यात फॉर्म वाटून गप्प बसू नका. आईबापांना विचारा की तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते. दादीची असेल तर दादीचा विचार करू. पगाराची असेल तर जमात काय करू शकते ते बघू. खिडकीची असेल तर सुतार बोलावू. आणि विचारायच्या आधी आपल्या मुलाच्या फॉर्मवर सही केली आहे का, हे बघा. नसेल तर तसं सांगा. मला त्या एका खऱ्या उत्तरामुळे स्टूल मिळालं होतं.

मी आता दर वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्या वर्गाच्या हजेरीची यादी घेऊन बसते. मागच्या वर्षी होतं आणि या वर्षी नाही, असं प्रत्येक नाव वेगळ्या कागदावर लिहिते. साथ असो वा नसो, त्या कागदावरच्या सगळ्या घरी जाते. गेल्या जूनमध्ये सहा नावं होती. चार मुलं परत आली. एक कुटुंब कोंढव्याला राहायला गेलं होतं, तिथल्या शाळेत दाखला मिळाला. सहाव्या घरी मी तीनदा गेले आहे. दार अजून अर्धंच उघडतं. येत्या शुक्रवारी नमाजनंतर पुन्हा जाणार आहे.